प्रशिक्षण रात्रपाळीपर्यंत पोहोचायला हवं

महोदय,

कर्करोगावरच्या उपचारांबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. नवं औषध, नवं यंत्र, एखाद्या मोठ्या तज्ज्ञाची मुलाखत. हे सगळं मी आवर्जून वाचते. पण ते औषध ज्यांच्या हातून रुग्णाला दिलं जातं आणि त्याचे त्रास ज्यांच्या डोळ्यांसमोर सुरू होतात, त्या माणसांना त्याबद्दल कोण, कधी आणि किती शिकवतं, याबद्दल काही वाचल्याचं मला आठवत नाही. मी बऱ्याच वर्षांपासून कर्करोग विभागात परिचारिका आहे. आता नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. या अनुभवातून एकच गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम पुष्कळ होतात, पण ते दिवसपाळीला होतात आणि दिवसपाळीतच संपतात. रात्री रुग्णाजवळ जो असतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

साधा हिशोब करून पाहा. आठवड्याचे तास 168. तज्ज्ञ डॉक्टर, बाह्यरुग्ण विभाग, औषध विभागातली जुनी जाणती माणसं सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते पाच हजर असतात असं धरलं, तरी ते 48 तास झाले. उरलेल्या 120 तासांत वॉर्ड कोणाच्या भरवशावर असतो? दोन-तीन सिस्टर किंवा ब्रदर, एक ड्यूटी डॉक्टर (तोही बहुधा नुकताच पास झालेला आणि दुसऱ्याच विभागातून आलेला) आणि एक मामा किंवा मावशी. कर्करोगाच्या रुग्णाला ताप येतो, धाप लागते, वेदना उसळते, मनातली भीती तोंडावर येते, ते या तासांत. दिवसा माणसांची ये-जा असते, तपासण्या असतात, लक्ष दुसरीकडे जातं. रात्री दिवे मंद झाले की रुग्ण आणि त्याची वेदना एवढेच उरतात.

वेदनेचंच घ्या. केस पेपरवर मॉर्फिनपुढे ‘एसओएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे दुखल्यास द्या. हे लिहिणाऱ्याला वाटतं, आपण सोय करून ठेवली. रात्री काय होतं? रुग्ण आधी सहन करतो, कारण सिस्टरला किती वेळा हाक मारायची असा संकोच असतो. मग नातेवाईक येऊन सांगतात. सिस्टर ड्यूटी डॉक्टरला फोन करते, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतो. कपाटाची किल्ली, नोंदवही, सह्या हे सगळं होईपर्यंत दुखणं इतकं चढलेलं असतं की तेवढ्या मात्रेला ते दाद देत नाही. कर्करोगाच्या सततच्या वेदनेला वेदनाशामक घड्याळ लावून द्यायचं असतं. तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत. त्याशिवाय मध्येच कळ उसळली तर जादा मात्रा किती, हेही आधीच लिहिलेलं हवं. साधारणपणे ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. हे गणित पाचवी-सहावीतलं मूल करील. पण रात्री दोन वाजता ते करायचा धीर फक्त शिकलेल्या माणसाला होतो.

आणि हे ज्ञान कुठून आलं, ते आमच्या पेशातल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. डेम सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरा न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांची सेवा करणारी संस्था) सुरू केलं, तिथून आजच्या पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची, सुरुवात मानतात. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर. त्याआधी सेंट ल्यूक्स या रुग्णालयात त्या स्वयंसेवक परिचारिका म्हणून जात, तेव्हा तिथे वेदनाशामक ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता दिलं जात असलेलं त्यांनी पाहिलं. वॉर्डातली ती रीत त्यांनी उचलली, तिचा अभ्यास केला, नोंदी ठेवल्या आणि जगाला शिकवली. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये रुग्णसेवेबरोबर शिक्षण आणि संशोधन पहिल्यापासूनच एकत्र होतं. शिक्षण वॉर्डात सुरू झालं होतं. आपण ते सभागृहात नेलं.

मॉर्फिन सुरू केलं की बद्धकोष्ठ होणारच. मळमळ चार-सहा दिवसांत बहुतेकांची कमी होते, झोपाळलेपणाही उतरतो, पण आतड्याची सुस्ती जात नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचं, म्हणजे पोट साफ ठेवणारं, औषध लिहायचं असतं. ते लिहिलं नाही तर आठवड्याने रुग्ण पोट फुगून कळवळतो आणि म्हणतो, मला ते मॉर्फिन नकोच. चूक औषधाची नसते, पण नाव त्याचंच खराब होतं. घरचे लोक तर आधीच घाबरलेले असतात: सवय लागेल, श्वास थांबेल. वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेल्या मात्रेत श्वास थांबण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि येण्याआधी गुंगी वाढते, श्वासांची संख्या घटते. पाहणाऱ्याला ते दिसतं. ज्याला काय पाहायचं ते माहीत आहे, त्याला.

माहीत नसलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण मी नव्या बॅचला नेहमी सांगते. मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाची लघवी कमी होते, मूत्रपिंड थकलेलं असतं. मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडायचे, ते साठू लागतात. रात्री रुग्णाचे हात-पाय झटके देऊ लागतात, तो बरळतो, नुसतं पांघरूण लागलं तरी विव्हळतो. नवी सिस्टर म्हणते दुखणं वाढलंय, नवा डॉक्टर मॉर्फिन वाढवतो, आणि झटके आणखी वाढतात. खरं तर इथे मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचं असतं. फेंटानिलसारखं दुसरं वेदनाशामक अशा मूत्रपिंडाला जास्त सुरक्षित. हे एकदा पाहिलेल्या, कोणीतरी समजावून सांगितलेल्या माणसाला पुन्हा कधी चुकत नाही. पण ते समजावणारं कोणी त्या रात्री तिथे नसतं, आणि सकाळच्या राउंडला ते झटके थांबलेले असले तर त्यावर बोलणंही होत नाही.

शिकलेलं जुनंही होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी साधी वेदनाशामकं, मग कोडीनसारखी सौम्य, मग मॉर्फिन. माझ्या पिढीने ती पाठ केली. 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संघटनेनेच ही शिडी मुख्य तत्त्वांमधून काढून परिशिष्टात ठेवली, शिकवण्यापुरतं साधन म्हणून. तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, माणूस पाहून द्या, बारकाव्याकडे लक्ष द्या, ही तत्त्वं राहिली. ‘पायरी-पायरीने’ हे गेलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत 240 रुग्णांवर पाहिलं गेलं की मध्यम वेदनेतही कमी मात्रेतलं मॉर्फिन त्या मधल्या पायरीवरच्या औषधांपेक्षा लवकर आणि जास्त रुग्णांना आराम देतं. तरीही आज कितीतरी ठिकाणी रुग्णाला मधल्या पायरीवर आठवडेच्या आठवडे थांबवून ठेवतात, कारण ठेवणाऱ्याने शिडी विद्यार्थिदशेत शिकली आणि त्यानंतर त्याला कोणी काही सांगितलंच नाही.

उपचारांचंही तेच. केमोथेरपीनंतर सात ते चौदा दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप म्हणजे तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करण्याची वेळ. अशा रुग्णाच्या अंगात पू होण्याइतक्याही पेशी नसतात, म्हणून जखम लाल दिसत नाही, छाती स्वच्छ वाटते, आणि तापाशिवाय दुसरी खूण नसते. पॅरासिटामॉल देऊन “सकाळी पाहू” म्हटलं तर ती सकाळ त्या रुग्णाला दिसेलच असं नाही. हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. पण इम्युनोथेरपीतल्या ‘चेकपॉइंट इनहिबिटर’ औषधांचं काय? या गटातलं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, 2011 मध्ये मान्यता पावलं. ज्या शोधांवर ही उपचारपद्धती उभी राहिली, त्यांच्यासाठी 2018 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो या शास्त्रज्ञांना मिळालं. ही औषधं शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करतात. मग ती कधी कधी स्वतःच्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, थायरॉइडवर उठते. रुग्ण रात्री जुलाब होतात म्हणून येतो. पाहणारा समजतो पोट बिघडलंय, किंवा केमोचा त्रास आहे. जुलाब थांबवायची गोळी देऊन घरी पाठवतो. त्याला गरज असते स्टेरॉइडची. आणि हा त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो, म्हणजे “सध्या काय चालू आहे?” एवढं विचारून भागत नाही, “मागच्या वर्षभरात काय घेतलंत?” असं विचारावं लागतं. 2011 पूर्वी ज्यांचं शिक्षण संपलं, त्यांच्या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न असणं शक्यच नव्हतं.

पाठीच्या दुखण्याबद्दल तर मी कळवळून सांगते. कर्करोग मणक्यात उतरलेल्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली, आडवं पडल्यावर जास्त दुखते, पाय जड वाटतात, लघवी तुंबते, तर मज्जारज्जूवर दाब येतो आहे असं धरून चालायचं. चोवीस तासांत एमआरआय आणि लगेच स्टेरॉइड. उपचार सुरू होताना जो चालता असतो, तो पुढेही चालता राहण्याची शक्यता मोठी. ज्याचे पाय एकदा गेले, त्याचे परत येणं फार अवघड. शनिवारी रात्री “पाय लटपटतायत” म्हणणारी बाई सोमवारच्या राउंडपर्यंत थांबवली गेली की ती आयुष्याचे उरलेले महिने पलंगावर काढते. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मावशीसुद्धा ओळखू शकते. रुग्णाला स्वच्छतागृहात धरून नेणारी तीच असते आणि “काल चालत होत्या, आज पाय ओढतायत” हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. तिला एवढंच सांगितलेलं हवं, की हे दिसलं तर तिथल्या तिथे सिस्टरला सांग, सकाळची वाट पाहू नकोस. मदतनीसांना कुठल्याही प्रशिक्षणाच्या यादीत मी क्वचितच पाहिलं आहे.

शिरेतून गळती झाली तर काय करायचं, हे आणखी एक. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लाल औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचा मरते. तिथे थंड शेक. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध बाहेर गेलं तर गरम शेक. उलट केलं तर नुकसान वाढतं. आणि हेच व्हिन्क्रिस्टिन चुकून मणक्यात दिलं गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतूनच द्या, म्हणजे मणक्यात टोचण्याची चूक होणारच नाही, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये दिला. इशारा कागदावर येतो. तो औषध भरणाऱ्या हातापर्यंत पोहोचवायला कोणीतरी चालत जावं लागतं.

आता ज्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे, ते. रात्री रुग्ण प्रश्न विचारतात. दिवसा डॉक्टरांसमोर “ठीक आहे, ठीक आहे” म्हणणारा माणूस रात्री ब्लडप्रेशर बघायला आलेल्या सिस्टरचा हात धरतो आणि म्हणतो, “सिस्टर, मी यातून उठणार नाही ना?” या प्रश्नाला आमच्यातल्या बहुतेकींनी न शिकता शोधलेलं उत्तर आहे: “असं मनात आणू नका, काका, झोपा बघू आता.” हे मायेनेच म्हटलेलं असतं. पण त्याने काकांचं तोंड बंद होतं. त्यांना कळतं की इथे हे बोलायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करतात, आणि मग झोपेची गोळी मागतात.

दुसरंही करता येतं, आणि ते शिकवता येतं. औषधाचा पंप चालू असेल तर आधी तो बघून घ्यायचा, मग स्टूल ओढून बसायचं. उभ्याने बोललं की आपण निघालोच आहोत असं वाटतं. “काका, आज असं का वाटलं?” एवढंच विचारायचं. आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात कठीण, दहा-पंधरा सेकंदसुद्धा मुलींना सोसत नाहीत, सरावात त्या मध्येच बोलून टाकतात. पण थांबलं तर उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा मरणाबद्दल नसतंच. मुलीची परीक्षा तोंडावर आहे. बायकोला बँकेतलं काही माहीत नाही. श्वास कोंडून मरण येईल का, एवढीच भीती आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही करता येतं. श्वासाची भीती असेल तर धाप लागल्यावर काय काय करतात ते सांगता येतं: डोकं उंच, खिडकी उघडी, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, मॉर्फिनची छोटी मात्रा. हे ऐकून माणूस झोपतो. आयुष्य किती उरलं, हे सांगणं सिस्टरचं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण “हे मी सकाळी डॉक्टरांना सांगू का, म्हणजे ते तुमच्याशी निवांत बोलतील?” असं विचारणं आणि हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवताना, ते खरोखर सांगणं हे तिचंच काम आहे.

अनुभवाने हे आपोआप येतं, असा मोठा गैरसमज आहे. 2002 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या 34 कर्करोग केंद्रांतले 160 डॉक्टर होते, सगळे कामात मुरलेले. नुसत्या वर्षांनी त्यांच्या बोलण्यातल्या अडचणी सुटल्या नव्हत्या. तीन दिवसांच्या सरावाने मात्र त्यांचे प्रश्न बदलले, रुग्णाच्या भावनेला दिलेली दाद वाढली. तीन दिवस! ज्या विभागात आपण यंत्राच्या देखभालीसाठी त्याहून जास्त दिवस देतो, तिथे माणसांशी बोलायला शिकण्यासाठी तेवढे काढता येऊ नयेत?

शेवटच्या दिवसांबद्दलही शिकवावं लागतं. रुग्ण पाणी घेईनासा होतो, तेव्हा नातेवाईक म्हणतात, “सलाईन तरी लावा.” त्यांना वाटतं आपण माणसाला तहानेने मारतोय. ड्यूटी डॉक्टर वाद नको म्हणून लावतो. 2013 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हॉस्पिसमधल्या 129 कर्करुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना फक्त 100 मिलिलिटर. ना त्रासात फरक पडला, ना आयुष्यात. शरीर आटोपतं घेत असताना जास्तीचं पाणी पायांवर सूज आणि छातीत घरघर वाढवू शकतं. आरामासाठी तोंड ओलं ठेवणं जास्त उपयोगाचं: ओल्या कापसाने, थोड्या थोड्या वेळाने, ओठांना लेप लावून. आणि हे काम नातेवाईकांच्या हातात दिलं की “काहीतरी करा”मधली तळमळ त्या बोळ्यात उतरते. हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. सलाईन लावायला दोन. घाईत असलेला, न शिकवलेला माणूस दोन मिनिटांचं काम निवडतो, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे दिवस एवढंच, असं मात्र वाचकांनी समजू नये. दुर्दैवाने आमच्या क्षेत्रातलेही अनेक जण तसंच समजतात. 2010 मध्ये बोस्टनमधल्या 151 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेल्या या रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवाही मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, मनाची खचलेली अवस्था कमी आढळली, आणि मध्यम आयुर्मानही (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने निघालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की या सेवेची गरज असलेल्या जगातल्या लोकांपैकी सुमारे 14 टक्क्यांनाच ती मिळते. विशेषज्ञ तयार करून ही दरी भरणार नाही, तेवढे विशेषज्ञ होणारच नाहीत. जे कामावर आहेत, त्यांनाच शिकवावं लागेल. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने नेमकं हेच ठरावात लिहिलं: सगळ्यांना मूलभूत प्रशिक्षण, गंभीर आजारी माणसांत रोज वावरणाऱ्यांना मधल्या पातळीचं, आणि थोड्यांना विशेष. निरंतर शिक्षण त्या ठरावात स्पष्ट शब्दांत आहे.

मग कार्यक्रम होत असूनही ते वॉर्डात का उतरत नाहीत? मी पाहिलेले बहुतेक कार्यक्रम सभागृहात, रविवारी, व्यासपीठावरून होतात. विषय निवडले जातात त्यात नव्या औषधांना जागा भरपूर असते, कारण त्यांना प्रायोजक असतो. जुलाबाच्या औषधाला, तोंड ओलं ठेवण्याला, दुखण्याची नोंद ठेवण्याला प्रायोजक मिळत नाही. येणारे तेच असतात ज्यांना सुट्टी मिळू शकते, म्हणजे वरिष्ठ. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, तास जमा होतात. नुसती व्याख्यानं ऐकून डॉक्टरांचं वागणं फारसं बदलत नाही, आणि सराव, चर्चा, प्रत्यक्ष रुग्णाची उदाहरणं असतील तर बदलतं, हे 1999 मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात दिसलं होतं. त्यानंतरही आपण खुर्च्यांच्या रांगाच मांडत आलो.

वेगळं करता येतं याचा पुरावाही आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये ‘एको’ नावाचा उपक्रम सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण दूर दूर, अशी स्थिती होती. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटायचं, खेड्यातल्या डॉक्टर-नर्सनी स्वतःचे खरे रुग्ण मांडायचे, सगळ्यांनी मिळून विचार करायचा. 2011 च्या अभ्यासात त्या गावांतल्या दवाखान्यांत आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, 58.2 आणि 57.5 टक्के. आता हीच पद्धत कर्करोगासाठी आणि पॅलिएटिव्ह केअरसाठीही अनेक देशांत वापरतात. त्यात महत्त्वाचं यंत्र नाही. महत्त्वाचं हे की शिकणारा आपला अडलेला रुग्ण घेऊन येतो.

रात्रपाळीसाठी हे असंच, छोट्या मापात करता येईल. पाळी बदलल्यावर, रात्रीची औषधं वाटून झाली की वीस मिनिटं. विषय बाहेरून आणायचा नाही. मागच्या आठवड्यात रात्री काय अडलं, तेवढंच. एक आठवडा मूत्रपिंड आणि मॉर्फिन, एक आठवडा “मी वाचणार ना?”. ड्यूटी डॉक्टर, सिस्टर, मामा-मावशी एकत्र बसतील, औषध विभागातला एक जण फोनवर. तेच सत्र दोन-तीन रात्री पुन्हा, म्हणजे पाळ्या बदलल्या तरी सगळ्यांना मिळेल. शिकवणाऱ्याला त्या रात्रीचा मोबदला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी लागेल. कोणी म्हणेल, रात्री आधीच माणसं कमी, त्यात वीस मिनिटं कुठून काढणार? हा आक्षेप खरा आहे, मी तो हलक्यात घेत नाही. काही रात्री सत्र मध्येच सोडून उठावं लागेल. पण घड्याळाप्रमाणे मॉर्फिन मिळणाऱ्या रुग्णांच्या वॉर्डात घंटा कमी वाजतात. वेळ तिथेच वाचतो.

आणि मोजायचंच असेल तर प्रमाणपत्रं मोजू नयेत. दुखतंय असं सांगितल्यापासून औषध मिळेपर्यंत रात्री किती मिनिटं गेली, ते केस पेपरवरून काढता येतं. मॉर्फिन चालू असलेल्या किती रुग्णांना जुलाबाचं औषध लिहिलं आहे, हे तर उभ्या उभ्या मोजता येतं. केमोनंतर ताप घेऊन आलेल्याला प्रतिजैविक किती वेळात लागलं. प्रशिक्षणाआधी आणि नंतर हे तीन आकडे भिंतीवर लावा. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना ज्यांचा पहिला फोन जातो ते फॅमिली डॉक्टर आणि औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, यांनाही या वर्तुळात घ्यायला हवं. त्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल.

आपल्या वाचकांत रुग्णालयं चालवणारे, प्रशिक्षणाचं वेळापत्रक आखणारे, मान्यता देणारे लोक असतील. त्यांना विनंती आहे, की पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात विषय, वक्ता आणि ठिकाण यांच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: रात्रपाळीतले किती जण हजर होते. तो रकाना रिकामा असेल त्या कार्यक्रमाला निदान कर्करोग विभागापुरती तरी मान्यता देऊ नका. आणि ज्यांचं माणूस उद्या अशा वॉर्डात दाखल होणार आहे, त्यांनी प्रवेशाच्या वेळी खोलीचा प्रकार विचारताना हेही विचारावं, की रात्री इथे कोण असतं आणि वेदनेबद्दल त्यांना शेवटचं कधी शिकवलं गेलं.

आपली,
कर्करोग विभागातील एक परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)